तान्ह्या बाळाच्या अंगावरील पुरळ



उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. धुळ्याकडेही कमी उकाडा नसतो. अशा दिवसांत घरात पाळणा हलला, की चार-आठ दिवसांत कुणीतरी म्हणतेच, "अगं बाई, बाळाच्या अंगावर हे काय उठलं?" मग आजी हळद काढते, शेजारीण पावडर आणते, कुणी डाळीच्या पिठाने चोळते. माया साऱ्यांचीच खरी. पण ही कातडी फार नाजूक. तिला लेपापेक्षा आराम हवा असतो.

आधी पुरळ ओळखू या. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत छाती-पाठीवर लाल चट्टे उठतात, मध्ये बारीक पिवळसर टिपका असतो. नाकावर पांढरे दाणे दिसतात. बाळ नीट पीत असेल तर यांना काही लावायचे नाही. ते आपोआप जातात. नखाने मात्र फोडू नका.

दुसरी घामोळी. ती मानेवर, काखेत, जांघेत येतात. खोली बंद, शेगडी पेटलेली आणि बाळ गोधडीत गच्च गुंडाळलेले. मग घामोळी येणारच! उन्हाळ्यात शेगडी बाहेर काढा, एकच सैल सुती झबले घाला. थंडीत मात्र ऊब हवीच. मान घामेजली तर कपडा कमी करा, पोट गार लागले तर पांघरूण वाढवा. पावडर टाळा, ती बाळाच्या श्वासात जाते. वरचे पाणीही पाजू नका. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. वरचेवर अंगावर पाजा.

तिसरे, लंगोटाखालची लाली. आपला मुलूख कापसाचा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घरोघर सापडेल. लंगोट ओला होताच बदला. जागा साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, थोडा वेळ उघडी ठेवा. लंगोटातला साबण पुरता काढून तो कडक उन्हात वाळवा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आता नीट ऐका. पुवाचे किंवा पाण्याचे फोड, बेंबीभोवती लाली, अंग तापणे वा गार पडणे, दूध न ओढणे, बाळ मलूल होणे, यांतले एकही लक्षण दिसले, तर घरगुती उपाय पुरे. रात्र असली तरी १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. तान्ह्याचा आजार तासांत वाढतो.

गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. त्याने बाळांचे मृत्यू घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. २०११ पासून देशभर आशाताई तेच काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झाले, की त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाचे अंग उघडून दाखवा. नजर लागेल म्हणून झाकू नका.

गुरुजी, आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली घरी धाकटे भावंड सांभाळतात. वरची लक्षणे एकदा फळ्यावर लिहा. घरात ती आधी त्यांच्याच ध्यानात येतील.