क्लचमधली हवा

वेल्ह्याहून पाबे घाटाने खानापूर-खडकवासल्याकडे निघालेली भरलेली जीप चढणीच्या वळणावर आली, की चालकाला गिअर उतरवावा लागतो. नेमक्या त्या वेळी क्लचचे पेडल भसकन खाली गेले आणि गिअर खरखरला, तर? गॅरेजमध्ये म्हणतात, “एअर धरली.” म्हणजे काय झाले, ते आज पाहू.

काही गाड्यांत क्लच तारेने ओढला जातो, तर काहींत तेलाने ढकलला जातो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, क्लचपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये तेलाने भरलेली नळी. विद्यार्थी मोटारसायकलचे इंजिन बसवून छोट्या गाड्या बांधतात, तेव्हा इंजिन पाठीमागे असले तर नळी सोयीची पडते. लांब तार वळणावर अडखळते, तेल अडखळत नाही.

बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. शिक्षक मित्रांनी वर्गात सुया काढलेल्या दोन सिरिंज नळीने जोडून त्यांत पाणी भरावे. एक दट्ट्या दाबला, की दुसरा लगेच सरकतो. आता आत थोडी हवा राहू द्या. हवा दबते, दुसरा दट्ट्या मागे पडतो. क्लचचेही तेच होते.

ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एक पेडलवर, दुसरा स्लेव्ह सिलिंडरच्या निपलपाशी. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. खालचा म्हणतो, “दाब!” वरचा दाबून धरतो. मग निपल सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे येतात. निपल आधी आवळायचा आणि मगच म्हणायचे, “सोड!” हा क्रम उलटला, तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि वरची डबी रिकामी होऊ देऊ नये. तेल झाकणावर लिहिले असेल तेच घालावे. इंजिन ऑइल घातले तर आतले रबर फुगते. बाटलीतले तेल पुन्हा वापरू नये.

पेडल दोन-चारदा मारून गिअर पडतो, म्हणून काही जण तसेच पुढे जातात. पण हवा आपोआप शिरत नाही. कुठे तरी रबर झिजलेले असते, जोड पाझरत असतो, नाही तर डबीतले तेल उतरलेले असते. ते शोधल्यावाचून नुसती हवा काढली, तर दुखणे परत येईल. मागे दहा माणसे बसलेली असताना ते घाटात येऊ नये, यासाठी गाडी निघण्यापूर्वीच पेडलवर पाय ठेवून पाहावा.