जांघेची दुखापत : संकोच आणि उपचार
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



क्रीडास्पर्धांच्या पारितोषिक-वितरणापूर्वी खेळाडूंच्या एका दुखण्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. ते दुखणे जांघेचे. हा शब्द ऐकताच काही माना खाली जातील, हे आम्ही जाणतो. परंतु या संकोचामुळेच साधे दुखणे जुनाट होऊन बसते, हे आज आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे. गुडघा दुखावला तर मुलगा तो आईला दाखवितो. जांघ दुखावली तर गप्प राहतो. मुलींच्या वाट्याला तर हा अबोला अधिकच येतो.

मांडीच्या आतल्या बाजूस पाच स्नायू असून ते जघनास्थीपासून व त्याच्या लगतच्या भागापासून निघतात. मांडी आत ओढणे आणि एका पायावर भार असता कंबर स्थिर राखणे, ही त्यांची कामे. कबड्डीत चढाई करणारा गडी एक पाय रोवून दुसरा दूर फेकतो. घोटा पकडला गेला तरी मध्यरेषेकडे झेपावतो. खो-खोत पळता पळता एकदम दिशा बदलावी लागते. फुटबॉलमध्ये चेंडू जोराने मारताना पाय मागून पुढे झेपावतो. अशा वेळी ताणलेल्या स्नायूवर अकस्मात जोर पडतो आणि त्याचे तंतू तुटतात. खेळाडू म्हणतो, ‘जांघेत चमक भरली.’

परंतु जांघेतील प्रत्येक वेदना या स्नायूंचीच असते असे नाही. सन २०१४ मध्ये दोहा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या दुखण्यांची वर्गवारी ठरविली. आतल्या बाजूचे स्नायू, मांडी वर उचलणारा स्नायू, जांघेची घडी आणि जघनास्थि, असे तिचे चार मुख्य प्रकार असून खुब्याचा सांधा व अन्य विकार यांचाही विचार करावा लागतो. म्हणून निदान वैद्याकडूनच व्हावे.

काही लक्षणे तर क्षणाचाही विलंब सहन करीत नाहीत. मुलाच्या वृषणात एकाएकी तीव्र वेदना उठली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया न झाल्यास तो अवयव गमावण्याची भीती असते. जांघेतील गाठ कठीण होऊन दुखू लागली व ओकाऱ्या झाल्या, तर अंतर्गळ अडकल्याचा संशय धरावा. लांब पल्ल्याच्या धावपटूला पायावर भार देताच खोल कळ येत असेल, तर मांडीच्या हाडाला चीर गेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी लाज बाळगणे म्हणजे मुलाचे अहित करणे होय.

आता साध्या लचकेविषयी. आपल्या घरांतून अशा वेळी पहिला हात जातो तो तेलाच्या बाटलीकडे. पहिले दोन-तीन दिवस चोळणे व कडक शेक देणे टाळावे. त्याने आतील रक्तस्राव वाढू शकतो. खेळ थांबवावा, बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ धरावा आणि झेपेल तितकेच चालावे.

परंतु नुसत्या विश्रांतीने काम पुरे होत नाही. वेदना थांबते, पण स्नायू दुबळाच राहतो. मुलगा मैदानावर परततो आणि पुन्हा तेच दुखणे घेऊन घरी येतो. डेन्मार्कचे डॉक्टर पेर होल्मिच व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये या जुनाट दुखण्याच्या ६८ खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला व्यायाम दिला, दुसऱ्याला मालीश, ताण व यंत्रोपचार. व्यायामाच्या गटातील २३ जण वेदनामुक्त होऊन पूर्ववत खेळू लागले. दुसऱ्या गटातील केवळ ४. यावरून काय तो बोध घ्यावा.

हा व्यायाम घरी करता येण्याजोगा आहे. उताणे निजून दोन्ही पावलांमध्ये चेंडू धरावा व तो तीस सेकंद दाबावा. असे दहा वेळा. पुढे पोटाचे व कंबरेचे व्यायाम, मग एका पायावरचा तोल, मग सरळ धावणे आणि सर्वांत शेवटी वळणे व झेपावणे. साधी लचक दोन-तीन आठवड्यांत बरी होते. स्नायू पुरता तुटला तर दोन-तीन महिने लागू शकतात. पूर्ण वेगाने धावून वळताना वेदना होत नाही, तोवर सामना खेळू नये. अंतिम सामना दरवर्षी येतो. जांघ मात्र एकदा बिघडली की वारंवार छळते.

निरोगी खेळाडूंनीही हे स्नायू बळकट करावेत. नॉर्वेतील फुटबॉलपटूंवरील २०१९ च्या अभ्यासात एकाच व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. खेळाडू कुशीवर आडवा होतो, सोबती त्याचा वरचा पाय उचलून धरतो आणि खेळाडू त्या पायाच्या बळावर कंबर वर उचलतो. याला खर्च काही नाही. एक सोबती मात्र हवा.

पालकांना आमची विनंती एवढीच : घरात या अवयवाचे नाव मोकळेपणाने घेतले जावे. ‘कुठे दुखते, बाळ?’ या प्रश्नाला मुलाला आणि मुलीला न लाजता उत्तर देता आले, तर अर्धा उपचार घरातच झाला असे समजावे.