श्रमपरिहार आणि थंड पाणी

नाशिकचे डॉक्टर हितेंद्र व महेंद्र महाजन ह्या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल-शर्यत आळीपाळीनें पुरी केली. व्यवसायानें ते डॉक्टर, छंदानें सायकलपटू. अशा हौशी व्यायामपटूंस श्रमानंतरच्या अंगदुखीचा प्रश्न नित्याचाच असतो.

थंड पाणी हा त्यावरील प्रसिद्ध उपाय. पौषांत गोदावरींत बुडी मारणाऱ्यास त्याचा गुण सांगावयास नको. १० ते १५ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत १०-१५ मिनिटें बसल्यास दुखणें खरोखर कमी होतें. परंतु दुखणें शमणें म्हणजे बळ वाढणें नव्हे. त्याच २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं वजनें उचलणाऱ्या तरुणांचा १२ आठवडे अभ्यास केला. व्यायामानंतर थंड पाण्यांत बसणाऱ्यांचे स्नायू हलकी सायकल चालविणाऱ्यांपेक्षां कमी वाढले.

तात्पर्य, उद्यांच पुन्हां शर्यत असेल, तर थंड पाण्याचा आश्रय घ्यावा. बळ कमावावयाचें असेल, तर दुखणें दोन-तीन दिवस सोसावें. मात्र थंडीचा पहिला धक्का बसतांच श्वास आवरेनासा होतो. म्हणून एकट्यानें नदींत उतरूं नये, आणि हृदयविकार असलेल्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग करूं नये.