खोकल्याकडेही पाहा



पाड्यावरचा माणूस दारू सोडायला केंद्रात येतो, तेव्हा त्याच्या खोकल्याकडेही पाहा. दारूने प्रतिकारशक्ती घटते, क्षयरोग बळावतो. 2 आठवडे खोकला असेल तर पहिल्याच दिवशी थुंकी तपासायला पाठवा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

औषध साधारण 6 महिने चालते. गोळ्या आणि दारू, दोन्हींचा भार यकृतावर पडतो; म्हणून डॉक्टरांना खरे सांगायला त्याला धीर द्या. पण तो पुन्हा प्यायला म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. अर्धवट औषधाने रोग चिवट होतो, घरातल्या लेकरांनाही लागतो.

लाजेने तो केंद्रात येईनासा झाला, तर आशाताईंना सोबत घेऊन आपणच त्याच्या दारी जाऊ या.