आधी दिवसातला एक तास द्या

(उन्हाळी व्याख्यानमालेतील चौथ्या पुष्पाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'निरोगी झोपेची सूत्रे' असा छापला आहे. सूत्रं तुम्हाला माझ्याइतकीच पाठ आहेत. रात्री हलकं जेवा, संध्याकाळनंतर चहा टाळा, मोबाइल लांब ठेवा. मानसोपचाराचं काम करताना, ही सूत्रं माहीत नाहीत म्हणून रात्री दोनपर्यंत जागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा आज एकाच प्रश्नावर बोलते. एडीएचडी असलेली मोठी माणसं, दिवसभर राबून, डोळे मिटायला आलेले असताना, अंथरुणाकडे का जात नाहीत? माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे वेळ संपली तरी ते राहून जायला नको. या माणसांच्या रात्रीमागे लागू नका. त्यांचा दिवस दुरुस्त करा.

एडीएचडी म्हणजे काय, यात मी शिरत नाही. अवधान टिकत नाही, मन आणि हातपाय स्वस्थ राहत नाहीत, आवेग आवरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर ते तक्ते लावून समजावून झालं. लहानपणी सुरू होतं आणि पुष्कळांत मोठेपणीही राहतं, एवढी भर घालून पुढे जाते.

(मागच्या रांगेतून : "आमच्या वेळी नव्हतं असलं काही!" हशा.)

होतं, आजोबा. जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. तुमच्या वर्गातही ते होतं. वर्गाबाहेर अंगठे धरून उभं होतं. (हशा, टाळ्या.) त्या मुलांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही.

आता एका बाईंविषयी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत. एका कचेरीत लिपिक, वय पस्तिशीच्या आसपास. मुलाची तपासणी चालू असताना आईने भरायची प्रश्नावली त्यांच्यापुढे आली आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्यांचा हात थांबला. सगळं त्यांनाही लागू होतं. बायकांचं निदान पुष्कळदा असं मुलाच्या मागोमाग होतं.

या बाईंचा दिवस साडेपाचला डब्यांनी सुरू होतो. कचेरीत कुठली फाइल कुठे दिली हे विसरू नये म्हणून तळहातावर पेनाने लिहायचं. साहेब बोलत असताना मध्येच तोंड घालू नये म्हणून जीभ दाताखाली धरून बसायचं. ही दिवसभराची पहारेदारी कुणाला दिसत नाही, पण खर्च तिचाच सगळ्यात जास्त. घरी आलं की मुलाचा अभ्यास, स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या. साडेअकराला ओटा पुसून होतो. मग त्या तिथेच स्वयंपाकघरात फरशीवर बसतात, कारण चार्जरची वायर आखूड आहे आणि प्लग मिक्सरशेजारी. मांडीवर चौकटीची वही. तिच्यात ठिपक्यांच्या रांगोळ्या : एकवीस ते अकरा, पंधरा ते आठ, कासवं, कोयऱ्या, स्वतः बांधलेल्या साखळ्या. मोबाइलवर कुणीतरी कुठेतरी रांगोळी काढत असतं, तिच्याकडे बघत यांचं पेन चालतं. मी ती वही पाहिली आहे. खोडाखोड जवळजवळ नाही. दिवसा तीन ओळींचं टिपण लिहिताना जिचं लक्ष चार वेळा उडतं, तिचा हा हात आहे. साडेअकराचे अडीच वाजतात. यजमान पाणी प्यायला उठतात आणि म्हणतात, "अगं, झोप आता."

त्या मला म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर मी सगळ्यांना पुरते. या वेळात मला कुणी हाक मारत नाही."

(महिलांच्या रांगांतून टाळ्या.)

तुम्ही टाळ्या वाजवल्यात, कारण हे सगळ्याच बायकांचं आहे. मान्य. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली झोपेच्या या चालढकलीवर निबंध लिहिला, तो साध्या, निरोगी माणसांवरच. बाहेरचं काही कारण नसताना ठरवल्यापेक्षा उशिरा झोपायला जाणं, अशी त्यांची व्याख्या. चीनमध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या तरुणांनी त्याला सूड म्हटलं. दिवस तुम्ही घेतलात, आता रात्र आम्ही घेणार. २०२० साली डॅफ्नी ली या पत्रकार बाईंनी ते इंग्रजीत मांडलं आणि जगभर पसरलं. हिंजवडीतल्या ज्या मुलांच्या संध्याकाळी परदेशातल्या फोनांवर जातात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

मग एडीएचडीचं वेगळं काय? एक म्हणजे दिवसभराची ती पहारेदारी. रात्री दहानंतर मन आवरण्याची ताकद संपलेली असते. सकाळी घेतलेल्या एडीएचडीच्या गोळीचा असरही उतरलेला असतो. मेथिलफेनिडेटची साधी गोळी चारेक तास काम करते, लांब पल्ल्याची आठ ते बारा. म्हणजे 'आता उठावं आणि झोपावं' हा निर्णय नेमका अशा वेळी घ्यायचा, जेव्हा निर्णय घेणारा मेंदू सगळ्यात रिकामा असतो. त्यात झोपणं हे एक काम नाही. उठायचं, दात घासायचे, कपडे बदलायचे, गजर लावायचा, मुलाची बाटली भरून ठेवायची. चालू गोष्ट सोडून दुसरी धरणं या माणसांना दिवसाही जड जातं. इथे ते ओळीने पाचदा करायचं, तेही ज्यात काडीचा रस नाही अशा कामांसाठी.

आणि शरीराचं घड्याळ. अंधार पडू लागला की मेंदू मेलॅटोनिन सोडतो आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. नेदरलँड्सच्या सँड्रा कोइ यांनी एडीएचडीच्या प्रौढांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्या मांडणीप्रमाणे सुमारे ७५ टक्के जणांत हे घड्याळ दीडेक तास मागे चालतं. तुमच्या अकराला त्यांचे साडेनऊ वाजलेले असतात.

मागे चालणारं घड्याळ म्हटलं की मला मुंबई आठवते, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कार्यकर्त्यांनी सांभाळून घ्यावं. १९०६ पासून सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ आणली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबईचा सूर्य त्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. कागदावर ३९ मिनिटं काहीच नाहीत. पण गिरणी कामगारांसाठी त्याचा अर्थ, भोंगा सूर्याच्या हिशेबाने तेवढा आधी होणार आणि अंधारात घर सोडावं लागणार. त्याच वर्षीच्या जानेवारीत हजारो कामगार बिथरले, गिरण्यांवर दगड पडले. महापालिकेत क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळावरून खल झाला. रेल्वे आणि सरकार एका वेळेवर, शहर दुसऱ्या वेळेवर, असं पुढे कित्येक वर्षं चाललं. महापालिकेने मुंबईची वेळ सोडली ती १९५५ साली! ऐंशी ओलांडलेल्या मुंबईकरांना घराघरांतल्या दोन वेळा कदाचित आठवत असतील. (समोरून : "आठवतात!") बघा. मला या हकिकतीचं फार वाटतं. आपला दिवस कधी सुरू व्हावा हे दुसऱ्याने ठरवलं, तर माणसं रस्त्यावर उतरतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांच्यामागे अख्खं शहर होतं. ज्याचं घड्याळ दीड तास मागे आहे असा एकटा माणूस कुठल्या महापालिकेकडे जाणार? त्याच्या वाट्याला फक्त लवकर निजण्याची म्हण येते.

(अध्यक्ष मनगटावरचे घड्याळ दाखवतात. श्रोत्यांतून : "मुंबईच्या वेळेप्रमाणे चालू द्या!" मोठा हशा.)

अध्यक्षमहाराज, दहा मिनिटं. उपाय राहिलाय.

घड्याळ थोडं पुढे सरकवता येतं. नेदरलँड्समधल्याच एका चाचणीत संध्याकाळी अर्धा मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिल्यावर ते ८८ मिनिटं पुढे आलं आणि एडीएचडीची लक्षणं १४ टक्क्यांनी उतरली. उपचार थांबल्यावर दोन आठवड्यांत सगळं पूर्ववत झालं, हेही त्यात आहे. म्हणून केमिस्टकडून पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून मनाने गिळू नका. मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सकाळचं ऊन मात्र आजपासून घ्या. अपुऱ्या झोपेने विसरभोळेपणा आणि चिडचिड वाढते, म्हणजे आधीच्या त्रासात दुसऱ्या दिवशी भरच पडते. जागरण चांगलं असतं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण घड्याळ पुढे आणलं तरी जिला दिवसात स्वतःसाठी काहीच मिळालं नाही, ती जागणार. सहकारी डॉक्टर मला म्हणतात, आधी शिस्त लागू दे, मग फुरसत देऊ. मी ठामपणे उलट म्हणते. याला लाड म्हणणारे म्हणोत. दिवसातला स्वतःचा एक तास आधी. तो रोजचा ठरलेला हवा, रात्रीच्या जेवणाआधी, अंगात थोडी ताकद आणि गोळीचा थोडा असर शिल्लक असताना. त्यात काय केलंस, याचा हिशेब कुणी मागायचा नाही. उपयोगी काही केलंच पाहिजे, अशी अट तर अजिबात नको.

आमच्या त्या बाईंच्या घरी यावर बरंच झालं. दिवेलागणीला सून वही घेऊन गच्चीवर जाते हे सासूबाईंना पटेना. यजमानांनी मुलाचा अभ्यास आपल्याकडे घेतला, पहिल्या आठवड्यात घरात रोज रडारड. कुकर लावायचं सासऱ्यांकडे आलं, तेव्हा शेजारी चर्चा. (हशा.) पण साडेसहा ते साडेसात हा तास टिकला. दुसरं केलं ते असं : दात मुलाबरोबर नऊलाच घासायचे, कपडे तेव्हाच बदलायचे, बाटली यजमानांनी भरायची, गजर कायमचा लावलेला. रात्रीसाठी करायचं असं काही शिल्लकच ठेवायचं नाही. आता बहुतेक रात्री त्या साडेबाराच्या आत झोपतात. काही रात्री अजूनही दोन वाजतात. मार्चअखेरीला कचेरीत उशीर होतो, तास बुडतो, आणि जागरण परत येतं. तास आणि जागरण यांचा संबंध मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

कचेऱ्यांविषयी बोलायचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, त्यामुळे उशिरा येऊन उशिरा जाण्याची सवलत मागायची तर कशाच्या आधारावर, हा मोठा विषय आहे. तो आज सोडते.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकच घेता येईल. एका काकूंनी लिहिलंय, "माझी सून रोज रात्री एकपर्यंत जागते. तिला हेच असेल का?" काकू, व्यासपीठावरून निदान होत नाही. मोठ्या माणसाला एडीएचडी म्हणायचं तर वयाच्या बाराव्या वर्षाआधीच्या खुणा सापडाव्या लागतात. थायरॉइड, नैराश्य, झोपेतला श्वासाचा त्रास हे आधी तपासावं लागतं. ते होईल तेव्हा होईल. पण तिला एक तास द्यायला कुठल्या निदानाची गरज नाही. उद्या सकाळी तिला विचारा, कोणता तास हवा. तुमच्या सोयीचा सुचवू नका. ती एकदम सांगू शकणार नाही, आधी "काही नको, आई" म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा.