आधी गोधडी, मग माइक

मी इंदूरहून बोलतोय. माझ्या मागे जे दिसतंय तो स्टुडिओ नाही, आमचं कपड्यांचं कपाट आहे. त्याच्या उघड्या दारांवर टाकलेल्या दोन गोधड्या माझ्या सासूबाईंनी शिवलेल्या. घरी आवाज रेकॉर्ड करायचा तर कोणता माइक घ्यावा, कोणते प्लगइन विकत घ्यावेत, यावर बोला असं मला सांगितलंय. बोलतो. पण त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल. या विषयातलं मला जे काही कळलं ते तिच्यामुळेच कळलं.

निवृत्तीनंतर मी अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्याला मुभा मिळाली, त्यामुळे हे काम निर्धास्त करता येतं. मोबाइल पुस्तक वाचून दाखवतो हे खरं, पण जुन्या छपाईचं, तक्त्यांनी भरलेलं, जोडाक्षरांनी खच्चून भरलेलं मराठी पुस्तक असलं की तो अडखळतो. तिथे माणूस लागतो.

सैन्यात कुठलीही कारवाई करण्याआधी आम्ही अप्रिसिएशन लिहीत असू. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, मार्ग कोणते, त्यातला कोणता निवडला आणि का. मी माइकच्या खरेदीचंसुद्धा लिहिलं. उद्दिष्टाच्या जागी लिहिलं, 'उत्तम प्रतीचा आवाज'. हे उद्दिष्टच नव्हे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तीन महिने व्हिडिओ पाहिले. मग मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक आला, तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आला, माइकमागे लावायची फोमची अर्धगोल ढाल आली. नोव्हेंबरात परदेशी कंपन्यांचे सेल लागतात, त्यात तीन प्लगइन घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये वरून बसवायचं छोटं सॉफ्टवेअर. कुणी आवाजातला खर्ज कमीजास्त करतं, कुणी मोठा आवाज दाबून सगळं एका पातळीत आणतं, कुणी खरखर काढतं. सगळा खर्च ६१ हजार रुपये. आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशात आकाशवाणीवरचा माणूस घरी येऊन वाचून गेला असता."

आमची अभ्यासिका दहा बाय बारा फुटांची. खाली फरशी, दोन भिंती उघड्या, एका बाजूला काचेचं पुस्तकांचं कपाट. माइक फार संवेदनशील आहे, जवळ बोललो तर फुंकर लागते, म्हणून मी दोन फूट लांब बसलो. रेकॉर्ड झाल्यावर प्लगइनमधली 'रेडिओचा आवाज' अशा अर्थाची तयार जुळणी लावली. ऐकलं तर काय सांगू! भारदस्त, घुमणारा, जणू दिल्ली केंद्रावरून बातम्या. मी माझ्याच आवाजावर खूश झालो. सोलापूरची एक मुलगी राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करत होती, तिला पंचायत राज आणि महाराष्ट्राच्या इतिहासाची अकरा प्रकरणं वाचून पाठवली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "काका, राग मानणार नसाल तर सांगते. तुमचं मला नीट समजत नाहीये."

मला वाटलं उच्चारांबद्दल बोलतेय. आमची मराठी इंदुरी, थोडी हिंदीच्या अंगाने जाणारी. पण ते नव्हतं. तिने विचारलं, "तुम्ही ते कधी दुप्पट वेगाने ऐकून पाहिलंत का?"

मी कशाला ऐकेन? पण ती, आणि तिच्यासारखे अभ्यास करणारे बरेच अंध विद्यार्थी, कानाने वाचतात ते असंच. आपण जशी ओळीवरून नजर फिरवतो तशी ती मुलं दुप्पट, अडीचपट वेगाने ऐकतात. एवढा अभ्यासक्रम साध्या वेगाने ऐकत बसलं तर परीक्षा निघून जाईल. मी फोन ठेवला आणि पहिलं प्रकरण दुप्पट वेगाने लावलं. 'ग्रामसभा' संपायच्या आत तिची घूम 'ग्रामपंचायती'वर येऊन बसत होती. दोन शब्दांमधली जी बारीक शांतता असते, जिच्यामुळे शब्द सुटे कळतात, ती उरलीच नव्हती. पोरीने तीन आठवडे साध्या वेगाने, मागे नेत नेत, सहा प्रकरणं ऐकली होती. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

आता हे का झालं ते सांगतो, कारण खरेदीचं सगळं गणित इथे आहे. तुमच्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर टर्रर्र असा बारीक आवाज आला, तर तो तुमच्या भिंतींचा. माइकला दोन आवाज मिळतात, एक तुमच्या तोंडातून थेट आणि दुसरा फरशी, भिंत, काच यांवरून फिरून आलेला. तुम्ही माइकपासूनचं अंतर निम्मं केलंत की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, फिरून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात की १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. मी नेमकं उलट केलं होतं. वर कॉम्प्रेसर नावाचा प्लगइन. तो मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. दहा डेसिबल उचललं की शब्दांमधली घूम, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा भाजीवाला, सगळे दहा डेसिबल वर. मी नऊ हजार रुपये देऊन माझी खोली मोठ्याने ऐकवण्याची सोय करून घेतली होती.

लाज जास्त वाटली ती वेगळ्या कारणाने. मी सिग्नल्सचा माणूस. उभी नोकरी हेच शिकवत आलो, की संदेश किती मोठा ऐकू येतो यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आहे हे महत्त्वाचं. डोंगरात सेटवर खरखर आली की नवीन पोरं पॉवर वाढवायला धावायची. मी ओरडायचो, आधी अँटेना उचल, पन्नास पावलं चढून धारेवर जा! आणि घरी मी पॉवर वाढवत बसलो होतो.

त्या रात्री पलंगावरची गादी भिंतीला उभी केली, कपाट उघडलं, दारांवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला. शेजारच्या भजनी मंडळाचा हातात धरून गायचा डायनॅमिक माइक मागून आणला, तोच तो लोखंडी जाळीचा गोळा असलेला शुअरचा एसएम ५८. हा १९६६ पासून बाजारात आहे आणि लग्नाच्या हॉलपासून देवळापर्यंत सगळीकडे दिसतो. वीतभर अंतरावर, तोंडासमोर नाही तर थोडा तिरका धरला. तिरका अशासाठी की आपल्या भाषेत फ, भ, ख, ठ फार, त्यांचा वारा सरळ जाळीवर आपटतो. 'भारत' म्हटलं की धप्प.

दोन मिनिटांचा नमुना पाठवला. प्लगइन एकही नाही. अर्ध्या तासात उत्तर आलं, "हा आवाज छान नाहीये, पण समजतोय."

अकरापैकी पाच प्रकरणं परीक्षेआधी पुन्हा वाचून झाली. त्या वर्षी तिची पूर्वपरीक्षा निघाली नाही. माझ्यामुळे निघाली नाही असं ती म्हणत नाही, मीही ठामपणे म्हणू शकत नाही. पण तिचे तीन आठवडे माझ्या भारदस्त आवाजात गेले, हे खरं आहे.

तर काय घ्यावं? कंडेन्सर वाईट आणि डायनॅमिक चांगला, असा अर्थ कृपा करून काढू नका. डायनॅमिक माइकला खोली ऐकू येत नाही असं सांगतात, ते अर्धसत्य आहे. तो मंद असतो, म्हणून तुम्हाला जवळ यायला लावतो, आणि खरा गुण त्या जवळ येण्याचा आहे. सतार, तानपुरा रेकॉर्ड करायचा असेल, तिथे बारीक झंकार हवा, तर कंडेन्सरच घ्या, पण शांत आणि मऊ खोलीत. माझा कंडेन्सर आता इथल्या एका सतार शिकणाऱ्या मुलाकडे आहे आणि त्याच्याकडे तो सुंदर वाजतो. डायनॅमिक घेणार असाल तर इंटरफेसकडे लक्ष द्या. बोलण्याच्या आवाजाला त्याला ५० ते ६० डेसिबल गेन लागतो. गेन शेवटपर्यंत फिरवल्यावर सूं ऐकू येत असेल तर तो इंटरफेस या कामाचा नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि पातळी कमीच राहू द्या. मंद रेकॉर्डिंग नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. कान पूर्ण झाकणारा एक बरा हेडफोन घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर मला माझी घूम कधी ऐकूच आली नव्हती. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. पातळ फोमही फक्त वरचे सूर खातो. जाड रजई, गादी, कपड्यांनी भरलेलं कपाट, हे घरातच असतं. आणि लॅपटॉप चार्जरवर असताना गूं असा आवाज आला, तर प्लगइन शोधण्याआधी चार्जर काढून पाहा. बहुतेक वेळा ती आपल्या अर्थिंगची गोष्ट असते.

प्लगइनबद्दल मी आता कंजूष झालोय. ऑडॅसिटी मोफत आहे आणि इक्वलायझर, कॉम्प्रेसर, लिमिटर, सूं कमी करणारं साधन, सगळं त्यात आधीपासून आहे. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं आणि व्यक्तिगत परवाना ६० डॉलरला मिळतो. त्याच्यासोबत येणारी साधनं दिसायला रूक्ष, कामाला पक्की. वाचनासाठी मी ८० हर्ट्झखालचा खर्ज कापतो, कारण माइक जवळ आला की खर्ज फुगतो. शेवटी हलका कॉम्प्रेसर. संपलं. ऑडिओबुकवाले ज्या एसीएक्सच्या अटी मानतात त्यात न बोलतानाचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा असतो. मी रोज वाचायला बसण्याआधी अर्धा मिनिट गप्प राहून तेवढं मोजतो. उन्हाळ्यात पंख्याशिवाय हे फार जड जातं, म्हणून मी पहाटे साडेचारला बसतो. साडेपाचला कोकिळा माझा स्टुडिओ बंद करते.

घूम काढून टाकणारे प्लगइनही मिळतात. जुनी सहा प्रकरणं वाचवता येतील म्हणून मी दोन चाचणीवर घेऊन पाहिले. घूम कमी झाली, पण शब्दांची टोकंही गेली. 'पाठ' आणि 'पाट' यातला फरक पुसला, आणि दुप्पट वेगाने तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. ती प्रकरणं पुन्हा वाचावी लागली. आता सेल लागला की मी एवढंच करतो, माझ्याच एखाद्या रेकॉर्डिंगमधला दोष कागदावर लिहितो. तो घरात असलेल्या साधनाने तीनदा प्रयत्न करूनही गेला नाही, तरच चाचणीची आवृत्ती उतरवून घेतो, आणि तीसुद्धा दुप्पट वेगाने ऐकतो. गेल्या दोन नोव्हेंबरांत काही घेतलं नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा बसतेय. परवा तिचा निरोप आला, की आता सव्वादोन पटीलाही सगळं कळतं, फक्त पानाचा क्रमांक मी घाईत बोलतो, तो जरा थांबून सांगा. उद्या पहाटे सातवं प्रकरण आहे. तेव्हापासून थांबून सांगणार आहे.