सर्वांत मागच्याची चाल



थंडी सुरू झाली की पालक मला हमखास विचारतात, "सर, मुलांना ट्रेकला पाठवावे का? झेपेल का त्यांना?" प्रश्न रास्त आहे. कोठे जायचे हे ठरविणे सोपे. वाट किती अवघड असावी आणि ती किती वेगाने चालावी, हे ठरविणे कठीण. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी बावीस मुले घेऊन एका डोंगरावर निघालो. दहावीची दांडगी मुले पुढे, आणि मीही त्यांच्याबरोबर. आठवीतला एक लहानखुरा मुलगा मागे पडे. आम्ही त्याच्यासाठी थांबत असू, पण तो येऊन पोचला की लगेच उठत असू. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली आणि ज्याला गरज होती त्याला क्षणभरही नाही! साडेअकराच्या सुमारास तो मोहाच्या झाडाखाली बसला. डोके दुखते म्हणाला; मग विचारल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला. त्याला ऊन लागले होते. सावलीत निजवून आम्ही त्याचे अंग ओले केले, वारा घातला आणि खाटेवरून खाली आणून दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. त्याचे वडील मला रागाने एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सर, तो मागे होता तेव्हा त्याच्याबरोबर कोण होते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून माझा नियम एकच : तुकडीची चाल सर्वांत मागच्याने ठरवायची. त्याला पुढून दुसऱ्या जागी घ्यावे, शेवटी एक जाणते माणूस असावे, आणि मागचा पोचल्यावरच विश्रांतीची मिनिटे मोजावीत. चालताना बोलता येत नसेल, धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे असे खुशाल समजावे.

आता वाटेचा हिशेब. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला; तो आजही वापरतात. सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १० किलोमीटर वाट व ३०० मीटर चढ असेल तर अडीच तास होतात. पण हा हिशेब धडधाकट, सवयीच्या माणसाचा. पाठीवर ओझे असलेल्या मुलांसाठी मी दीडपट धरतो, म्हणजे पावणेचार तास. विश्रांती व जेवण वेगळे. ओझेही बेताचेच हवे. ४० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर, पाण्यासकट, ६ किलोहून अधिक नको.

आपल्या भंडाऱ्यात चढापेक्षा ऊन मोठे वैरी आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरावेत, उजाडताच निघावे आणि दुपार सावलीत काढावी.

सुरुवात घराजवळून करावी. पहिल्या रविवारी वैनगंगेच्या काठाने किंवा धानाच्या बांध्यांमधून पाच-सहा किलोमीटर, रिकाम्या पाठीने. ते जमले की तुमसर तालुक्यातला आंबागड. देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण याने सुमारे १७०० साली हा किल्ला बांधला. चढता चढता आपल्या जिल्ह्याचा इतिहासही मुलांच्या पायाखाली येतो. मग ओझे घेऊन एका रात्रीचा मुक्काम. वाट जंगलातून असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. त्यानंतर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, आणि हिमालय सर्वांत शेवटी. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर राहणारी माणसे. हिमालयातली विरळ हवा पहिलवानालाही सोडत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीपेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंच असू नये.

पायरी-पायरीने जाणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. आपल्याच विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे दहा आदिवासी विद्यार्थी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले. त्याआधी अनेक महिने भोंगीर, दार्जिलिंग, लेह अशी टप्प्याटप्प्याने त्यांची तयारी करून घेण्यात आली होती. दहापैकी पाच जण शिखरावर पोचले. त्यांत एक मुलगीही होती. उरलेल्या पाचांना नापास कोण म्हणेल? डोंगर उद्याही तेथेच असतो. परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवावी आणि ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी फिरावे.

पालकहो, मुलाचा दमा, फिट, नुकताच येऊन गेलेला ताप शिक्षकांपासून लपवू नका. 'मुलगी मागे पडेल' म्हणून तिला घरी ठेवू नका. चाल नीट ठरली असेल तर कोणीच मागे पडत नाही. मित्रांनो, पायाला फोड आला, डोके गरगरले, तर "सर, थांबा" म्हणायला लाजू नका. ते दोन शब्द म्हणायला पुष्कळ हिंमत लागते, हे मी जाणतो.

आणि मूल ट्रेकवरून घरी आले म्हणजे "पहिला पोचलास का?" असे विचारू नका. त्या वडिलांनी मला विचारला तोच प्रश्न विचारा : जो मागे होता, त्याच्याबरोबर कोण होते?